मामीचं जेवणाचं घड्याळ

९ जानेवारी

प्रिय खटपटे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे आम्ही दोघे. फोन सोडून कागद का, असं विचारशील. फोन भिंतीवर आहे आणि त्याच भिंतीला टेकून तुझी मामी बसलेली असते. तिच्यासमोर ‘ती हल्ली असं करते, ती हल्ली तसं करते’ असं बोलायला माझी जीभ रेटत नाही. ती ऐकते. मग मलाच विचारते, "कोण हो ती बिचारी?"

तर काम असं आहे. मामीला घड्याळ वाचता येईनासं झालंय. काटे दिसतात, आकडे दिसतात, पण दोन्हींचा मेळ बसत नाही. भर दुपारी अंथरूण घालते आणि दिवेलागणीला दूधवाला अजून कसा आला नाही म्हणून दारात उभी राहते. मी सांगायला गेलो तर चिडते. तिचं म्हणणं, जन्मभर बस चालवलेल्या माणसाने दुसऱ्याला वेळ सांगू नये.

पण परवा एक गंमत झाली. मी अंडी उकडत ठेवली होती. ती आत आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "म्हणजे पहिली पाळी अजून सुटायची आहे." आणि खरंच सकाळ होती. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये ती इतकी वर्षं रांधत होती, तिथे भिंतीवर घड्याळ होतं, पण ते चालू असलेलं कोणी बघितलेलं नाही. अंडी म्हणजे सकाळची पाळी, भात आणि मटार म्हणजे दुपारची, सूप-पाव म्हणजे संध्याकाळची. तिचं घड्याळ शेगडीवर असायचं. ते तिच्या डोक्यात अजून चालू आहे, बाकीची यंत्रं बंद पडली तरी.

तू लिफ्टच्या कारखान्यात सारखं काहीतरी उघडत आणि जोडत असतेस. आकड्यांच्या जागी जेवण दाखवणारं घड्याळ करता येईल का? तुझ्या आईला विचारलं असतं, पण माझी बहीण आधी रडून घेते आणि मग ऐकते. म्हणून तुला लिहिलं.

मामीची तब्येत तशी ठीक. खाण्याच्या बाबतीत जरा नखरे आहेत.

तुझा,
मामा

२१ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच कामाला लागले. लिफ्टमध्ये कितवा मजला ते दाखवणारे छोटे पडदे असतात ना, तसा एक जुना माझ्याकडे पडून होता. त्याच्यामागे घड्याळाचं यंत्र बसवलंय. दर तासाला चित्र बदलेल. काल आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर मटार-भात बघून म्हणाले, "हा कुठला मजला?"

चित्रं मी संगणकाकडून करून घेतेय, त्या एआयकडून. त्याला नुसतं शब्दांत सांगायचं, की पांढऱ्या ताटात भात, बाजूला मटार, वाफ येतेय. तो चित्र हजर करतो. कुठे असलेल्या जेवणाचा फोटो नाही हा, कधीच नसलेल्या जेवणाचं चित्र. सरळ फोटो का नाही काढले म्हणशील. फोटो काढायचा तर आधी मला रांधावं लागेल, आणि माझं रांधणं तू खाल्लेलं आहेस. शिवाय रोज तेच ताट दिसलं तर मामी म्हणेल, कालचंच पुढे केलं. म्हणून प्रत्येक वेळेची पुष्कळ चित्रं एका मेमरी कार्डावर भरली आहेत.

मामा, हे काम मला गंमत म्हणून करायचं नाहीये. शाळा सुटल्यावर मला पोटाला कोणी विचारलं असेल तर ते मामीने. आई कामावर, बाबा फिरतीवर, आणि मी कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत. तिच्यासाठी मी काय केलंय आजपर्यंत? वाढदिवसाला एक शाल, तीही टोचणारी.

नखरे म्हणजे नेमकं काय, ते लिही.

तुझी,
खटपटी

१२ फेब्रुवारी

प्रिय खटपटे,

घड्याळ सुखरूप पोचलं. टेबलासमोर लावलंय. पहिले दोन दिवस मामी त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसली होती. तिची मतं जशीच्या तशी कळवतो.

सकाळचं अंडं: "हे माझ्याकडे बघतंय." खरंच बघतं गं. त्यात दोन बलक आहेत. दहाचा चहा: कपाला दोन कान आहेत, आणि दुसरा कान आतल्या बाजूला. दुपारच्या एका चित्रात चमचा पावातून उगवलाय. संध्याकाळच्या सुपाजवळ कोणाचा तरी हात आहे, त्याला सहा बोटं. त्यावर मामी म्हणाली, "एवढी बोटं असून मटार सोलायला कोणी येत नाही." एकूण तिचं मत असं झालंय की कॅन्टीनमध्ये नवा स्वयंपाकी ठेवलाय आणि त्याला हाकलायला हवं.

पण वेळ कळते. काल मटार-भात आला तशी हातातलं पांघरूण ठेवून म्हणाली, "दुपार झाली की." मी तोंड फिरवून नाक पुसलं.

एक गोष्ट तू विसरलीस. चित्र बदललं की आतून लिफ्टमधली बाई बोलते, "दार बंद होत आहे." मामी दर वेळी तिला उत्तर देते, "थांबा जरा, एक जण यायचाय." हे काढू नकोस, आमची करमणूक होते.

नखरे म्हणजे असं, की पुढ्यात वाढलेलं ती खात नाही. दोन घास घेते आणि ताट सरकवते. मी समोर बसून भरवतो, गप्पा मारतो, चमच्याचं विमान करून दाखवतो. ती माझ्याकडे बघते, ताटाकडे बघते आणि उठून जाते. काळजीचं कारण नाही. माझं उत्तम चाललंय. पट्ट्याला टोच्याने नवीन भोक पाडलं, तेवढं एक हत्यार अजून हातात नीट बसतं.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

अंड्याबद्दल मी मामीची माफी मागते. सोबत नवं कार्ड पाठवतेय. या वेळी एकेक चित्र डोळ्यांखालून घातलंय. बोटं मोजली, कान मोजले. आणि एक युक्ती केली आहे. मामीला खावंसं वाटत नाही कारण चित्रातलं जेवण बेचव दिसत असणार, असं माझं मत झालं. म्हणून आता सगळं कसं, भाताचा दाणा न् दाणा वेगळा, मटार हिरवेगार, पावावर लोणी वितळतंय. ते बघून मला स्वतःला इतकी भूक लागली की मी खाली जाऊन दोन वेळा जेवले.

पट्ट्याला नवीन भोक? पोट सुटलं का ड्रायव्हरसाहेब? मामी सोडून देते ते तू संपवत असशील, मला खात्री आहे. जरा बेताने.

बाईचा आवाज ठेवलाय.

मामीचं वजन किती भरलं ते मात्र स्पष्ट लिही. ‘तशी ठीक’ असं लिहू नकोस. तुझं ‘तशी ठीक’ मी ओळखून आहे. बसचा ब्रेक गेला होता तेव्हाही तू घरी हेच सांगितलं होतंस.

तुझी,
खटपटी

१७ मार्च

प्रिय खटपटे,

तू रागावली असशील. महिना होत आला, मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

स्पष्ट विचारलंस, तर स्पष्ट सांगतो. मामी वाळत चालली आहे. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात तिला काट्यावर उभं केलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर घरी ठेवता येणार नाही, देखभाल केंद्रात ठेवावं लागेल. तिथे खाऊ घालणारी शिकलेली माणसं असतात. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंय, मला तिला दोन घास घालता येऊ नयेत? बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. त्या चांगल्या आहेत, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

आता तुझ्या घड्याळाबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण नव्या चित्रांनी उलटंच झालं. दुपारचं ताट झळकलं की मामी उठते, वाढायचा डाव हातात घेते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. बस म्हटलं तर बसत नाही. मी हाताला धरून आणलं तर हात झिडकारते. परवा मला म्हणाली, "तुम्ही मधे मधे करू नका, मला कामं आहेत." कुठलं काम? मला वाटतं तिला माझा राग आला आहे, आणि कशाचा ते तिला आठवत नाही. मग मी सगळंच आठवून बघतो.

ताट गरम करून पुन्हा वाढतो, पुन्हा गार होतं. घड्याळ काढून ठेवावं का, असं मनात येतंय.

मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

घड्याळ काढू नकोस. मला थोडा वेळ दे. चमचमीत चित्रं सगळी पुसली आणि साधी भरली, अगदी कॅन्टीनच्या ताटांसारखी, कडेचे टवके उडालेली. घाईत भरली आहेत, सगळी नीट तपासलेली नाहीत. त्यात परत कोणाला सहावं बोट असेल तर समजून घे. हे पत्र कार्डासकट लगेच पोस्टात टाकतेय.

तिला तुझा राग आलेला नाही. मामीला कोणाचा राग येतो तेव्हा ती त्याला जास्त वाढते. मला माहीत आहे, मी गणितात नापास झाले तेव्हा मला तीन अंडी मिळाली होती.

तिकडे यायला रजा मागितली आहे. मे महिन्याच्या आधी मिळेलसं दिसत नाही.

तुझी,
खटपटी

३ एप्रिल

प्रिय खटपटे,

काल मामी जेवली. पूर्ण जेवली. वाटी पुसून पाव खाल्ला आणि वर केळं मागितलं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बघत राहिलो आणि मला रडू आवरेना. ती म्हणाली, "तिखट लागलं का?"

का जेवली ते कळत नाही. जेवण रोजचंच होतं, उकडलेला बटाटा आणि मटार. मी काही वेगळं केलं नाही. फक्त तुझं घड्याळ बिघडलंय असं वाटलं. दुपारी आधी भरलेलं ताट आलं, ते ठीक होतं. पुढच्या तासाला भलतंच चित्र. ताटात काही नाही, कडेला दोनतीन मटार, एक बटाट्याचं साल, रस्सा फासलेला आणि चमचा वेडावाकडा पडलेला. खाऊन उठलेल्या माणसाचं ताट असतं तसं. मामी खिडकीशी उभी होती. मागे वळून तिने ते बघितलं, डाव ठेवला, हात धुतले आणि येऊन बसली.

आज ते चित्र आलं नाही. दुसरं, भरलेलं आलं. आज ती जेवली नाही.

तू हुशार आहेस, तुला काही कळत असेल तर लवकर कळव.

मामा

७ एप्रिल

प्रिय मामा,

कळलं. आणि हे मला जानेवारीतच कळायला हवं होतं, कारण हे माहीत असणारी जगात मी एकटीच आहे.

ते चित्र मी टाकून दिलेल्यांतलं होतं. बटाटा-मटार मागितले तर यंत्राने कोणीतरी आधीच खाल्लेलं ताट काढलं होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि घाईत चांगल्यांबरोबर भरलं गेलं.

तू कॅन्टीनच्या खिडकीच्या बाहेरचा, मामा. तुला खिडकीतून भरलेलं ताट मिळायचं, तू जेवायचास, रिकामं ताट खिडकीतून आत सरकवायचास आणि गाडीवर जायचास. मी आत बसायचे, पावाच्या उलट्या क्रेटवर, गृहपाठ घेऊन. मामी आत आलेलं प्रत्येक ताट हातात घेऊन बघायची, कोणी काय टाकलं, कोणाला कमी पडलं. आणि शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर जेवून त्याचं ताट आत येईपर्यंत ती पाण्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. एकदा गाडी फार उशिरा आली तेव्हा मी तिला म्हटलं, तू जेवून घे ना. ती म्हणाली, "मी जेवले आणि मग तो आला, तर त्याला काय वाढू, माझा घास?"

म्हणजे मी तिला रोज दुपारी भरलेलं ताट दाखवून काय सांगत होते? कोणीतरी अजून जेवायचा आहे. ती डाव घेऊन खिडकीशी उभी राहते ती तुझ्यावर रुसून नाही. ती वाट बघते. आणि मी ताट जितकं झळझळीत केलं तितकी ती जास्त उभी राहिली.

आता मला एक खरं सांग. तू कधी जेवतोस? तू लिहितोस, समोर बसून भरवतो, गप्पा मारतो, विमान करतो. तू जेवतोस असं एकाही पत्रात लिहिलेलं नाही. मी सगळी पत्रं काढून बघितली. ती जेवल्याशिवाय तू जेवत नाहीस ना? आणि तू जेवल्याशिवाय ती जेवत नाही. पट्ट्याचं भोक आतल्या बाजूला पाडलंस ना, मामा? आणि मी तुला पोट सुटलं म्हणून हसले.

यंत्राकडून उष्टी ताटं काढून घेतेय. त्याला ते जमता जमत नाही. उष्टं ताट काढ म्हटलं की ते रश्श्याचे दोन थेंब शिंपडून वर पुदिन्याचं पान ठेवतं. पण काढून घेईन. तोवर तू तिच्यासमोर, तिच्याआधी जेवायचंस. पोटभर.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही. फेब्रुवारीत तुझं पत्र आल्यावर मी तिकडच्या देखभाल केंद्राला फोन केला आणि मामीचं नाव घातलं. तिथे जागा लवकर मिळत नाही म्हणून. तुला विचारलं नाही. घड्याळ एका हाताने करत होते आणि दुसऱ्या हाताने हे. तू सांगशील तर उद्या नाव काढते.

तुझी,
खटपटी

२९ एप्रिल

प्रिय खटपटे,

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडलो. ती समोर उपाशी उभी आहे आणि मी बकाबका जेवायचं? माझ्या घशाखाली घास उतरेल का? म्हणून मी लबाडी केली. माझं जेवण पातेल्यात परत ओतलं, ताटाला रस्सा फासला, दोन मटार कडेला ठेवले, अगदी तुझ्या चित्रासारखे, आणि ताट तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडाकडे तिरकं धरून बघितलं. म्हणाली, "हे कोणी जेवलेलं नाही. जेवलेला माणूस पावाने वाटी पुसतो." आणि ताट माझ्यापुढे परत ठेवलं.

मग मी जेवलो. ती डाव घेऊन बघत होती. पहिला घास कसाबसा गेला. दुसऱ्यानंतर मला कळलं की मला केवढी भूक लागली आहे, किती महिन्यांची. दोनदा घेतलं. वाटी पावाने पुसली. मामीने ताट बघितलं, हात धुतले आणि बसली. जेवली. नीट, शेवटपर्यंत.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. मधे दोन दिवस ती मला ओळखत नव्हती, मला ‘नवीन ड्रायव्हर’ म्हणत होती, तरीही जेवली. नवीन ड्रायव्हर जेवला म्हणून जेवली. तुझं नवं कार्ड आलं. पुदिन्याचं पान अजून एका चित्रात आहे, मामी म्हणते त्या माणसाला पाला आवडत नाही. आधी भरलेलं ताट येतं, मी जेवतो, मग उष्टं ताट येतं, ती जेवते. घड्याळ आणि मी मिळून दुपार करतो.

काल डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. वजन थोडं वाढलंय. फार नाही, पण उतरायचं थांबलं. मग त्यांनी मलाही काट्यावर उभं केलं आणि माझ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ही चूक दुरुस्त होतेय.

आता केंद्राचं. मला ते माहीत होतं. मार्चमध्येच त्यांचा इथे फोन आला होता, कोण्या मुलीने नाव घातलंय, खरं का म्हणून. मी हो म्हटलं आणि तुला काही बोललो नाही. तू कशी रडत रडत तो फोन केला असशील ते मला माहीत आहे, माझ्या बहिणीचीच मुलगी तू. रागावलो नाही तेव्हाही. फक्त त्या दिवशी तिचं ताट मी चार वेळा गरम केलं.

नाव काढू नकोस. मी म्हातारा झालो, आणि ती अजून हरवत जाणार आहे. एक दिवस जावं लागेल, हे मलाही दिसतं. पण तिथे ती शिकलेली माणसं तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवतील, आणि ती उठून खिडकी शोधत फिरेल. म्हणून तू एवढं कर. त्यांना फोन करून एका नावाच्या जागी दोन घाल. ते विचारतील की या धडधाकट म्हाताऱ्याचं इथे काय काम. तर सांग, त्याच्या बायकोच्या आधी जेवायला कोणीतरी लागतं.

तुझा,
मामा